गोठ्याच्या कॉम्प्युटरची टकटक

ती चौकट पहिल्यांदा लॅपटॉपच्या कोपऱ्यात उगवली तेव्हा मी कुणाच्या तरी पित्ताशयाच्या ऑपरेशनची बिलं तपासत होते. मजकूर इंग्रजीत होता, अर्थ एवढाच की तुमच्या घरच्या नेटवर्कवरचा दुसरा एक कॉम्प्युटर तुमच्या लॅपटॉपमध्ये शिरायला बघतोय आणि आम्ही त्याला अडवलंय. अडवलंय ना, मग मला कशाला सांगता, असं पुटपुटत मी फुली मारली. थोड्या वेळानं परत तेच. जेवून वर आले, पुन्हा तेच. आठवडा संपेपर्यंत माझं डोकं असं फिरलं होतं की नवरा कारखान्यातून आला की आधी माझा चेहरा बघायचा आणि मगच चपला काढायचा.

आमची वस्ती घोडेगावपासून आत, पाटाच्या कडेला. घरात माणसं तीन. मी, कारखान्याच्या लॅबमध्ये शिफ्टवर जाणारा नवरा आणि सासरे, म्हणजे आबा. सासूबाई वर्षापूर्वी गेल्या. आबांच्या पायात सळई घातलेली, त्यामुळे काठीशिवाय चालता येत नाही. मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी दवाखान्यांची विम्याची बिलं तपासते आणि ते काम घरी बसून करायची परवानगी मी भांडून मिळवलेली आहे. लग्न ठरलं तेव्हा वस्तीवरची पोरगी लॅपटॉप उघडून काय करणार, असं ऑफिसातल्या साहेबांनी मला तोंडावर विचारलं होतं. करून दाखवलं. गच्चीवरची खोली माझं ऑफिस झाली. तिला बाहेरून लोखंडी जिना आहे.

आबा त्या जिन्यानं कधी वर येत नाहीत. खोली बांधताना गवंड्याच्या उरावर दिवसभर उभे असायचे म्हणे, पण लेकाच्या लग्नानंतर त्यांनी पायरीला पाय लावला नाही. सुनेच्या खोलीत सासऱ्यानं जायचं नसतं. काही सांगायचं असलं की ते अंगणात उभे राहून खोकतात. मी कठड्याशी आले की माझ्याकडे न बघता, कडुनिंबाकडे बघत बोलतात. सुरुवातीला हाकही मारायचे. एकदा माझी मीटिंग ऐन रंगात असताना खालून आवाज आला, "आगं, तांबडी सुटली, तांबडी." पुण्यातल्या सगळ्या ऑफिसनं तांबडी ऐकली. पुढं कितीतरी दिवस तिकडचे लोक मला आमच्या तांबडी गाईची तब्येत विचारत होते. त्यानंतर मी कानावर बसणारे मोठे हेडफोन घेतले आणि आबांना सांगितलं, काम चालू असताना हाक मारायची नाही. त्यांनी ते मनावर घेतलं. आबा मनावर घेतात म्हणजे फारच घेतात.

तर त्या चौकटीचं. मी कितीही फुल्या मारल्या तरी वर कंपनीत त्याची नोंद होतच होती. एक दिवस मेल आला. तुमच्या घरच्या नेटवर्कवरून तुमच्या लॅपटॉपमध्ये घुसण्याचे वारंवार प्रयत्न होत आहेत, तुमच्याकडे रुग्णांची माहिती असते, तरी महिन्याच्या आत कारण शोधून हे बंद करा. नाहीतर घरून काम करण्याची परवानगी रद्द होईल आणि पुण्याला येऊन ऑफिसात बसावं लागेल. मी तो मेल जिन्यावर उभ्या उभ्या वाचला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुण्याला जायचं म्हणजे खोली घ्यायची आणि शनिवार-रविवार यायचं. नवरा शिफ्टला गेला की इतक्या मोठ्या घरात काठी टेकत आबा एकटे. आणि नोकरी सोडायची म्हटलं तर ती मी का सोडू, चूक कुणाची आणि सोडू मी?

कंपनीच्या सिक्युरिटीवाल्याशी रोज फोन सुरू झाला. माणूस सभ्य होता, त्याचाच जास्त राग यायचा. "मॅडम, तुमच्या नेटवर्कवर काय काय जोडलेलं आहे?" मी सांगू लागले. दोघांचे मोबाईल, टीव्ही, गोठ्यातले कॅमेरे, ते कॅमेरे बघायचा ओसरीवरचा कॉम्प्युटर, शेजारच्या वस्तीवरच्या चुलत जावेचं घर.

"शेजारचं घर?"

"हो."

"मॅडम, शेजारचं घर म्हणजे अख्खं घर?"

आता ह्याला काय सांगणार. आमच्याकडे विरजण, शिडी आणि वायफाय मागितलं की द्यायचं असतं. तो म्हणाला, आधी पासवर्ड बदला. बदलला. अर्ध्या तासात जाऊबाई बांधावरून हजर.

"वहिनी, तुमचं नेट गेलं का?"

"पासवर्ड बदललाय. कंपनीनं सांगितलंय, कुणाला द्यायचा नाही."

"आमी कुणी व्हय?" एवढं बोलून ती वळली. त्या दिवसापासून विरजण बंद. आमचं दूध दोनदा नासलं, कारण माझं विरजण लागत नाही. हे तिला चांगलं ठाऊक आहे.

बरं, पासवर्ड बदलल्यावर गोठ्यातले कॅमेरेही बंद पडले, कारण त्यांनाही तोच पासवर्ड लागत होता. हे माझ्या ध्यानातच नव्हतं. ओसरीवर आबा काळ्या पडद्यासमोर बसलेले. "गाई गेल्या," म्हणाले. इतक्या पडलेल्या आवाजात म्हणाले की मी क्षणभर खरंच गोठ्याकडे पळाले. गाई रवंथ करत होत्या.

हे कॅमेरे सासूबाई गेल्यावर महिन्याभरात बसवले. चोर लई झालेत, बाजारला न्यायच्या आधीच जनावर पळवतात, असं आबा सगळ्यांना सांगायचे. गोठ्याचं चित्र बघायला एक जुना कॉम्प्युटर ओसरीवर ठेवला. पडद्यावर चार चौकोन, प्रत्येकात दोन-तीन गाई, आणि समोर खुर्चीत दिवसभर आबा. माऊस धरायला ते स्वतःच शिकले. खुरपं धरल्यासारखा धरतात.

कॅमेरे आणि तो कॉम्प्युटर परत जोडून दिला आणि मी वर आले. अजून खुर्चीत नीट टेकलेही नव्हते, तर कोपऱ्यात चौकट हजर. म्हणजे जाऊबाईंचा काही संबंध नव्हता. विरजण फुकट गेलं. सिक्युरिटीवाल्यानं एक नंबर वाचून दाखवला, मी राऊटरच्या यादीत तो शोधला आणि उत्तर मिळालं. टकटक करत होता तो आमच्याच ओसरीवरचा, गोठ्याचा कॉम्प्युटर.

आता सोपं झालं असं मला वाटलं. चांगलं विकतचं अँटिव्हायरस आणून त्यात टाकलं. दुपारभर त्यानं कॉम्प्युटर चाळला आणि काही सापडलं नाही म्हणून सांगितलं. मी परत चाळायला लावलं. परत काही नाही. कॅमेरे बसवणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, आमच्या मालात व्हायरस नसतो, तुमच्या कंपनीलाच असंल. मी त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही.

शेवटी वैतागून मी गोठ्याच्या कॉम्प्युटरची पिनच काढून टाकली. कमाल शांतता. लॅपटॉपचा कोपरा स्वच्छ. मी खूश होऊन संध्याकाळी खाली आले, तर आबा ओसरीवर नाहीत. गोठ्यात, शेणामुतात स्टूल टाकून, माशा वारत बसलेले. तांबडीचे दिवस भरत आले होते. नवरा त्याच वेळी गाडीवरून उतरला आणि त्यानं ते बघितलं.

"त्यांना हितं बसवलंस?"

"मी बसवलं नाही, ते बसले."

"त्यांच्या पायाचं माहितीये ना तुला?"

"आणि माझ्या नोकरीचं तुला माहितीये का?"

त्या संध्याकाळी आम्ही दोघं वेगवेगळे जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुमान पिन परत लावली. वर जाऊन बसले आणि त्या कोपऱ्याकडे बघत राहिले. आली चौकट.

मी अगदी हात टेकले होते. महिना संपत आला होता. सिक्युरिटीवाला आता साहेबांना मध्ये घेऊन बोलायला लागला होता आणि साहेबांच्या आवाजात तो जुना प्रश्न ऐकू यायला लागला होता, वस्तीवरची पोरगी काय करणार. पुण्यात एका मैत्रिणीला मी खोलीचं विचारूनही ठेवलं. घरात कुणाला बोलले नाही.

आणि मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी जेवायला खाली आले की, लॅपटॉप वर चालू असला तरी, तेवढ्यात एकही टकटक झालेली नसायची. एकदा मुद्दाम लॅपटॉप चालू ठेवून ओसरीवर आबांसमोर मेथी निवडत बसले. चांगली जुडीभर निवडली. वर जाऊन पाहिलं, काही नाही. वर बसले, कामाला लागले, आणि थोड्या वेळानं आली. हा व्हायरस मला बघून चालतो की काय, असं मी एकटीच मोठ्यानं म्हणाले. आणि म्हणता म्हणता माझी नजर खाली ओसरीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चपला वाजवत जिना चढले, दार लावल्याचा आवाज केला, चपला वरच काढल्या आणि अनवाणी खाली येऊन स्वयंपाकघरातून ओसरीत डोकावले. लोखंड तापलेलं होतं, पाय पोळले, तो राग वेगळाच.

आबा चष्मा नाकावर ओढून पडद्याला चिकटलेले होते. गाईंचे चौकोन त्यांनी खाली घालवले होते. त्या जागी दुसरीच खिडकी उघडी होती, नेटवर्कवर जे जे जोडलेलं आहे त्या सगळ्यांची छोटी छोटी चित्रं दाखवणारी. कॅमेऱ्यांचं, टीव्हीचं, आणि एक माझ्या लॅपटॉपचं, कंपनीनं ठेवलेल्या अगम्य नावाचं. आबांनी त्याच्यावर बाण नेला, श्वास धरून दोनदा बोट दाबलं. नाव-पासवर्ड मागणारा डबा उघडला. त्यांनी तो शांतपणे फुली मारून बंद केला, थोडं थांबले आणि परत दाबलं.

"आबा, काय करताय?"

ते दचकून उठायलाच लागले. काठी पडली. "काय न्हाई. गाई बघत हुतो."

"ह्या गाई नाहीत."

थोडा वेळ ते काठी शोधण्यात घालवत राहिले. मी उचलून हातात दिली. मग म्हणाले, "तुझं बी हितं येतं. तू वर गेलीस, ते चालू केलंस, की हे चित्र येतं. बंद केलंस की जातं. मंग तूच की ती. गाईच्या चित्रावर दोनदा दाबलं की गाई दिसत्यात. म्हणलं तू बी दिसशील. पर तू काय दिसंना."

मला हसू आलं, आणि त्याच वेळी भिंतीवर डोकं आपटावंसंही वाटलं. महिनाभर मी व्हायरस शोधत होते. जावेशी वाकडं घेतलं, नवऱ्याशी भांडले, कॅमेरेवाल्याच्या सात पिढ्या काढल्या, आणि इथं हा माणूस मला गाईसारखं बघायला दोनदा बोट दाबत होता.

"अहो, काम होतं तर हाक मारायची ना."

"हाक मारायची न्हाई म्हणलीस ना तू."

"मग वर यायचं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी अभद्र बोलले होते. "वर कसा येऊ?" म्हणाले.

"पण बघायचं कशाला होतं मला?"

"उगंच," ते म्हणाले. "काय न्हाई. उगंच."

त्या उगंचला मी तिथंच धरायला हवं होतं, पण माझा संताप अजून उतरला नव्हता. मी त्यांच्यापुढं खुर्ची ओढून बसले आणि स्पष्ट सांगितलं की आबा, तुम्ही हे दाबता आणि तिकडं पुण्यात घंटा वाजते. त्यांना वाटतं घरात चोर आहे. असंच चालू राहिलं तर मला पुण्याला जाऊन राहावं लागेल. आबांचा चेहरा उतरला. त्यांनी माऊस पोत्यातला विंचू असावा तसा लांब सारला. "पुन्यांदा न्हाई दाबत," म्हणाले. "जाऊ नको तू."

त्यांनी शब्द पाळला. पुढं एकही चौकट आली नाही. पण मला धीर कुठला? चुकून हात लागला तर? म्हणून दोन-चार दिवसांनी सिक्युरिटीवाल्यानं सांगितलं तसं मी लॅपटॉपचं एक बटण बदलून ठेवलं, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरला तो दिसणारच नाही. नसलेल्या चित्रावर कोण दाबणार? हे मी आबांना सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

त्याच दुपारी शेवटची मीटिंग होती. साहेब, सिक्युरिटीवाला आणि मी, तिघांचे चेहरे पडद्यावर, माझ्या कानांवर हेडफोन. सिक्युरिटीवाला सांगत होता की गेले काही दिवस एकही प्रयत्न झालेला नाही. साहेब कागद उलटत होते. माझी परवानगी राहते की जाते हे पुढच्या वाक्यात ठरणार होतं. तेवढ्यात दार लोटलं गेलं.

आबा उंबऱ्यात उभे होते. टोपी डोक्यावर नव्हती, काठीही नव्हती. एका हातानं चौकट धरलेली, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. नजर मात्र खाली, उंबऱ्यावर. एवढ्या दमातही त्यांनी सुनेच्या खोलीत नजर टाकली नव्हती. मी हेडफोन ओढून गळ्यात टाकले.

"हायस का?" ते म्हणाले.

"आहे, आबा. काय झालं? तांबडी?"

"तुझं चित्र गेलं तिथून." दम लागून ते थांबले. "दाबलं न्हाई मी. नुस्तं बघत हुतो, हाय का. तर न्हाईच. खोकलो. हाका बी मारल्या. तू वर गेल्याली, खाली आली न्हाईस. तू आयकंनास."

मी उठून त्यांना धरायला गेले, तर ते मागं सरून वरच्याच पायरीवर बसले, माझ्याकडे पाठ करून. मग त्या पाठीतूनच आवाज आला, "ती बी अशीच दुपारभर दिसली न्हाई. मी म्हणलं, गोठ्यात आसंल."

सासूबाई गोठ्यातच होत्या. दुपारचं शेण काढायला गेल्या आणि छातीत कळ येऊन गव्हाणीपाशी पडल्या. आबा ओसरीवर होते, हाकेच्या अंतरावर, आणि संध्याकाळी दुधाची वेळ टळेपर्यंत कुणी तिकडं फिरकलं नाही. हे मला सगळं माहीत होतं. त्यांना आंघोळ घालायला मी होते. कॅमेरे महिन्याभरात का आले, आबा दिवसभर त्या पडद्यासमोर का बसतात, हे कुणी विचारलं तर मीसुद्धा चोरांचंच सांगायचे. मी दारात उभी राहिले आणि मला स्वतःचा इतका राग आला की त्या महिनाभराचा सगळा राग त्यापुढं काहीच नव्हता.

गळ्यातल्या हेडफोनमधून बारीक आवाज येत होता. "हॅलो. मॅडम, आहात ना?"

"आहे," मी त्यांनाही सांगितलं.

परवानगी राहिली. पण कंपनीनं ते बटण तसंच ठेवायचं लेखी कळवलं, लॅपटॉप घरात कुणाला दिसता कामा नये. मी जाऊबाईकडं जाऊन, तिनं मागायच्या आधीच, नवा पासवर्ड तिच्या मोबाईलमध्ये टाकून दिला. कंपनीला हे मी कळवलेलं नाही. विरजणही मिळालं, तिनं वाटी ठेवली ती जरा जोरात ठेवली एवढंच. आबांना मी म्हटलं, आता वर येत जा. ते नाही म्हणाले. हाक मारत जा म्हटलं, तर म्हणाले, तुझी मीटिंग आसती. या माणसाचं काय करावं मला खरंच कळत नाही.

म्हणून आता दुपारी दोन मीटिंगांच्या मधे मी जिना उतरते, हेडफोन गळ्यात, अंगावर ऑफिसचा कुर्ता, आणि गोठ्यात जाते. शेणातून पाय वाचवत तांबडी आणि तिच्या कालवडीच्या मधे, बरोबर कॅमेऱ्याखाली उभी राहते आणि तोंड वर करते. शेणाचा वास कपड्यांत बसतो, माशा तोंडावर येतात, उशीर होतो, वैताग येतो. मी तशीच वर बघत उभी राहते. मग ओसरीवरून खोकल्याचा आवाज येतो आणि मी कामाला वर जाते.